ज्यानं घेतलं त्यानंच परत द्यायचं

कुठल्याही लोखंडी वस्तूला आबा आधी हाताच्या पाठीनं शिवायचे. फाटक, कपाटाची कडी, एसटीच्या दारातला दांडा, नळ, खुर्चीचा पाय, सगळ्याला. तळहात नंतर. लाइनमन लोकांची ही जुनी सवय असते. वीज उतरलेली असेल तर बोटं आपोआप आवळतात. तळहातानं धरलेलं सुटत नाही, पाठीनं शिवलं तर हात मागे फेकला जातो. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, तरी माणसाला भेटतानासुद्धा त्यांचा हात आधी उलटाच पुढे यायचा. एकदा कोणी साहेब आमच्या खोलीत व्यसनमुक्तीवर भाषण द्यायला आले. त्यांनी हात पुढे केला, तर आबांनी त्यांच्या मनगटाला बोटांची मागची बाजू टेकवली, क्षणभर थांबले आणि मग हात मिळवला. साहेब गोंधळले. भाषण अठरा मिनिटं चाललं. ते गेल्यावर आबांनी आम्हाला विचारलं, "सोडायची कशी ह्ये सांगितलं का त्यांनी, का नुसती वाईट हाय एवढंच?"

आम्ही कप पुढे सरकवले.

"वाईट हाय ह्ये पिणाऱ्याला जास्त ठावं असतंय," ते म्हणाले आणि काळा चहा ओतायला लागले.

त्यांना सगळे आबा म्हणत. नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. त्या खोलीत नावं चालत नसत. ज्याचं जे गाव, तीच त्याची हाक. मी बारामती. निमगावचा एक ट्रॅक्टरवाला होता, तो निमगाव. आबा स्वतः कळसचे, पण त्यांना कळस म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. इंदापूरच्या एसटी स्टँडपासून चार मिनिटांवर बंद पडलेला एक छापखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला आम्ही बसायचो. खुर्च्या अकरा, माणसं बहुतेक वेळा सात. सहा वाजून एक मिनिटानं आलेल्याला आबा आत घेत, पण चहा देत नसत.

मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं.

मी बारामतीच्या एका दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. दुधातली फॅट मोजणं हे माझं काम, एकवीस वर्षं. दारूही मी मोजूनच प्यायचो. संध्याकाळी पावणेआठला नव्वद मिली, कपड्यांच्या कपाटामागे, मापाच्या काचेच्या नळीनं. बाटलीवर पेनानं खूण करायचो. जो मोजतो तो ताब्यात असतो, असा माझा हिशेब होता. नव्वदचे एकशेऐंशी झाले तेव्हाही मी ते वहीत लिहिलं, आणि लिहिलंय म्हणजे ठीक आहे असं समजलो. पुढे सकाळीही लागायला लागली. मग एका दुपारी फॅटच्या नळीत ॲसिड सोडताना माझा हात हलला आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या मनगटावर ॲसिड पडलं. त्यानं हात पाण्याखाली धरला आणि माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. इतकं मोजूनही न कळलेला मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी माझी बायको दोन पिशव्या घेऊन कऱ्हाटीला माहेरी गेली. जाताना ती रडली नाही, म्हणून मी घाबरलो.

मग मी गट शोधायला लागलो. नेटवर मिळालेला पहिला फोन पुण्यात लागला. त्यांनी चांगलं बोलून पुण्यातले पत्ते दिले. नोकरी सांभाळून ते जमणारं नव्हतं. बारामतीत एका ठिकाणी गेलो, तर बाकावर आमच्या केंद्राला दूध घालणारा एक शेतकरी बसला होता. मी तपासणीला आल्यासारखा भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं आणि परत आलो. आता वाटतं, तोही त्याच कामाला आला असणार. तिसरी खेप इंदापूरची. कामासाठी गेलो होतो. स्टँडवर पाण्याच्या टाकीला निळ्या बॉलपेननं लिहिलेला एक कागद चिकटवला होता. वर एक फोन नंबर आणि खाली, "दारू सोडायची असल तर या. सोडायची नसल तरी या, चहा हाय."

तिथूनच फोन केला. मी नाव सांगायला लागलो, तर पलीकडून आवाज आला, "नाव राहू द्या. शेवटची कवा घेतली?"

"पाच तास झाले."

"घड्याळ बघून सांगताय?"

"हो. पाच तास दहा मिनिटं."

मग आबा म्हणाले, "हात थरथरतोय का? आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरला दाखवा. एकदम सोडून माणूस आडवा होतोय कधी कधी. त्यो काय म्हणतोय बघा, मग शुक्कीरवारी सा वाजता या. डॉक्टर आधी, आमी मागनं."

खोलीत कोणी रडगाणं लावलं, बायको, पोरं, नशीब, बापाची दारू, तर आबा तीन-चार मिनिटं ऐकून घेत आणि मग म्हणत, "रीडिंग सांगा." म्हणजे दिवस. किती दिवस झाले, एवढंच. माझ्यासारख्याला हे फार बरं वाटायचं. आबांचं स्वतःचं रीडिंग चार हजारांच्या वर होतं. ते वर्षांत सांगत नसत. "वरीस सांगितलं की माणूस फुगतोय," म्हणत.

आणि त्यांचं परमिट. दारू सोडणाऱ्यांच्या गटात परमिट हा शब्द ऐकून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. ते हसले नाहीत. लाइनचं काम करायचं तर लाइनमन सबस्टेशनवर फोन करून परमिट घेतो. तिकडे लाइन बंद होते. काम झाल्यावर तो परमिट परत देतो, मगच लाइन सुरू होते. आबांनी हेच गटात आणलं होतं. ज्या ठिकाणी पिण्याची भीती आहे, लग्न, जत्रा, निरोपसमारंभ, तिथे जाण्याआधी एकाला फोन करायचा. कुठे चाललो, कितीपर्यंत येणार ते सांगायचं. समोरच्यानं फोन घेऊन तयार राहायचं. काम आटपलं की फोन करून म्हणायचं, परमिट परत. ज्यानं घेतलं त्यानंच परत द्यायचं, आणि तेही तोंडानं.

मी या नियमाला सुरुवातीला हलकं घेतलं. केंद्रात एकाचा निरोपसमारंभ होता. आबांकडून परमिट घेतलं, जेवलो, सरळ घरी आलो आणि त्यांना मेसेज टाकला, "परत." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला केंद्राच्या फाटकाशी आबा उभे. पांढरा पायजमा, खिशात टेस्टर. इंदापूरहून पहिल्या गाडीनं आले होते. मी धावत गेलो.

"बोला," ते म्हणाले.

"काय बोलू, आबा?"

"परमिट परत द्या. मेसेज कुणीबी टाकतंय."

वॉचमन बघत होता. मी हळू आवाजात म्हणालो, "परमिट परत." ते वळले आणि पुढच्या गाडीनं निघून गेले. पन्नास किलोमीटर येणं, पन्नास किलोमीटर जाणं. रात्रभर ते फोन उशाशी घेऊन जागे होते, हे मला निमगावनं नंतर सांगितलं.

एवढं कडक का, ते त्यांनी फक्त एकदाच सांगितलं. लाइनमन असताना ते आणि त्यांचा जोडीदार, दोघंही कळसचेच, एका दुपारी लाइनवर होते. परमिट आबांच्या नावावर होतं. जोडीदार खांबावर. आबा दुपारच्या भाकरीबरोबर दारू घेऊन झाडाखाली बसले होते. मोटारीसाठी लाइटची वाट बघणारा एक शेतकरी आला आणि म्हणाला, झालं की, उतरला त्यो, मी बघितला. आबांनी मान वर न करता परमिट परत दिलं. तो शेतकरी खोटं बोलला नव्हता. त्यानं दुसऱ्याच खांबावरून दुसऱ्याच माणसाला उतरताना बघितलं होतं. जोडीदार वाचला, उजवा हात कोपरापासून गेला. आबांची चौकशी झाली, बदली झाली, आणि ते आणखी सहा वर्षं प्यायले. एवढं सांगून ते म्हणाले होते, "बंद हाय म्हणून कोण सांगतंय? त्यो खांबावर हाय का? न्हाय? मग त्याचं ऐकू नका."

आता त्या रविवारचं.

माझं रीडिंग एकाहत्तर होतं. सासऱ्यांनी मला त्या दिवशी चार वाजता कऱ्हाटीला बोलावलं होतं. ते जुन्या पद्धतीचे आहेत. निरोप असा होता की चारला या, शुद्धीत या, आणि जमणार नसेल तर पुन्हा येऊ नका. बायकोला पाठवायचं की नाही ते समोर बसून ठरणार होतं. एकाहत्तर दिवस मी ज्यासाठी मोजले, ते सगळं त्या चार वाजण्यावर येऊन थांबलं होतं.

सकाळी अकराला आबांचा फोन आला. मला वाटलं, धीर द्यायला असेल.

"परमिट द्या," ते म्हणाले.

मी खुर्चीत सरळ झालो. त्यांनी कधी परमिट घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं.

कळसला जोडीदाराच्या मुलाचं लग्न होतं. इतक्या वर्षांत त्या घरानं आबांना कधी बोलावलं नव्हतं. या वेळी जोडीदार स्वतः येऊन पत्रिका देऊन गेला होता. निमगाव लग्नालाच असणार, म्हणून फोन मला. "तीनपत्तूर परत देतो," ते म्हणाले. मी आकडेमोड केली. मुहूर्त बारा सदतीसचा, जेवणं दोनपर्यंत, परमिट फार तर तीनला परत. मी सव्वातीनला निघालो तरी चाळीस मिनिटांत कऱ्हाटी. बसत होतं. चारला मला कुठे जायचंय ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा माणूस बघितला असता.

दोन वाजले, अडीच वाजले. इस्त्री केलेला शर्ट घालून मी फोनसमोर बसलो होतो. तीन वाजले. तीन पाचला मी फोन केला, उचलला नाही. तीन दहाला निमगावचा फोन आला. मागे वाजंत्री चालू होती. तो म्हणाला, "बारामती, आबा ठीक हायती. जेवलं, मांडवाच्या मागच्या खोलीत झोपल्यात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुमी मोकळं व्हा."

मी घड्याळाकडे बघितलं. त्याला म्हणालो, त्यांना उठव, एक शब्द बोलू दे. तो म्हणाला, म्हातारा माणूस कधी नव्हं ते झोपलाय, कशाला. मी आणखी दोन मिनिटं उभा राहिलो. मग गाडी काढली.

सासऱ्यांच्या दारात चारला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. पायरीवर फोन सायलेंट केला आणि खिशात टाकला. मोठ्या माणसांच्या बैठकीत फोन वाजणं बरं दिसत नाही, हे खरंच आहे. पण तीन दहानंतर माझ्या लेखी परमिट परत आलेलं होतं, हेही तितकंच खरं. सासऱ्यांनी बरंच विचारलं. मी दिवस सांगितले, डॉक्टरांचे कागद दाखवले, गटाचं सगळं सांगितलं. बायको दारातून ऐकत होती. शेवटी ते तिला म्हणाले, "तुझं तू बघ बाई." ती आत गेली आणि पिशव्या भरायला लागली.

साडेपाचला गाडीशी येऊन फोन बघितला. आबांचे दोन फोन, चार बाराचा आणि चार एकोणीसचा. त्यानंतर एकही नाही.

मी लगेच लावला, उचलला नाही. नंतर घरी पोचेपर्यंत चार वेळा गाडी थांबवून लावला. बायको मागे बसली होती, तिनं विचारलं नाही. मला काय वाटत होतं ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की बारामतीत शिरताना डाव्या हाताला जे दुकान लागतं, ते एकाहत्तर दिवसांत पहिल्यांदा मला नीट दिसलं.

मंगळवारी खोलीत आबा आले नाहीत. किल्ली निमगावकडे होती. तो माझ्याकडे बघेना. त्याचं खोटं नव्हतंच. तीन दहाला आबा खरोखर झोपले होते.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं ताट पुढे सारून विचारलं, "घेतलीत का?" मी नाही म्हणालो आणि सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे मी आले ती त्या माणसाच्या वाट्याच्या वेळेत आले. उद्या मला त्यांच्याकडे घेऊन चला."

बुधवारी आम्ही गेलो. आबा अंगणात कुणाच्यातरी मोटारीचा स्टार्टर उघडून बसले होते. दाढी वाढलेली. डोळे लाल. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि आधी माझ्या बायकोशी बोलले.

"आला ती बरं केलं, ताई. पर ह्यांच्यावर इश्वास ठेवून आला असाल तर चुकलं. इश्वास ठेवू नका. रोज इचारा."

"विचारते," ती म्हणाली. "काल विचारलं."

त्यावर ते थोडं हसले. मग स्क्रू फिरवत, आमच्याकडे न बघता सांगायला लागले. चारच्या सुमाराला जोडीदारानंच त्यांना उठवलं. मांडवामागे त्यांची मंडळी बसली होती. जोडीदारानं डाव्या हातात ग्लास धरून पुढे केला. म्हणाला, झालं गेलं, तुझ्याबद्दल मनात काय ठेवलं न्हाय, माझ्या हातानं घे एवढी.

"चार हजार एकशे सा दिस सगळ्यांला न्हाय म्हणालो," आबा म्हणाले. "त्या हाताला न्हाय म्हणता येईना. ग्लास घेतला, आडबाजूला जाऊन बसलो आणि तुमाला फोन लावला. एकदा लावला, मग पुन्यांदा लावला."

मी म्हणालो, "चूक माझी आहे, आबा. दुसऱ्याच्या शब्दावर मी सुटलो."

"व्हय. माझ्यावाणीच चुकला तुमी." ते आता माझ्याकडे बघत होते. "फोन तुमी उचलला न्हाय. ग्लास मी उचलला. दोनी खरं हाय. पर तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. माझ्या ग्लासात वाटेकरी घेत न्हाय मी."

"रीडिंग?" मी विचारलं.

"तीन," ते म्हणाले.

मग माझ्या बायकोनं विचारलं, "आबा, तुम्ही ग्लास घेऊन बसला होता तेव्हा कुणी फोन उचलला असता, तर काय बोलला असता?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कायबी न्हाय. नुसतं कोणतरी तिकडनं, हाय मी, म्हणालं असतं तरी झालं असतं. त्याच्यापुढचं म्या बघितलं असतं."

तिनं तिचा नंबर सांगितला. वही नव्हती, म्हणून त्यांनी तो स्टार्टरच्या झाकणावर पेन्सिलीनं लिहून घेतला आणि एकदा वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता. तिनं दुरुस्त केला.

शुक्रवारी आबा खोलीत आले, मागच्या खुर्चीवर बसले आणि पाळी आल्यावर "पाच" म्हणाले. चहा निमगावनं ओतला.

त्यानंतर दुसऱ्याच रविवारी दुपारी पावणेबाराला फोन वाजला, तो माझा नव्हता, बायकोचा होता. आबांना परमिट हवं होतं. जोडीदाराकडे सत्यनारायण होता. नव्या जोडप्याची पूजा. जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. बायकोनं वेळ ऐकून घेतली, दोनपर्यंत, आणि पलंगावर फोन मांडीवर घेऊन बसली. गॅसवर भात होता, तो मी उतरवला. दोन वाजले. सव्वादोन झाले. मी न राहवून म्हणालो, निमगावला लावून बघू का, तो तिकडेच असेल.

"लावू नका," ती म्हणाली. "त्याला काय विचारायचंय?"

अडीच झाले. ती उठली नाही, पाणी प्यायलाही नाही. मी दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. तिनं एकदाच सांगितलं की फेऱ्या घालू नका, ऐकू येत नाही. फोन तर गप्पच होता. पण मी भिंतीशी उभा राहिलो.

दोन बेचाळीसला वाजला. तिनं पहिल्या रिंगला उचलला.

"आबा, तुम्हीच बोलताय ना?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, "परत मिळालं" म्हणाली, फोन खाली ठेवला आणि मला म्हणाली, "वाढा आता, भूक लागलीय."